मंडळीतली कुरकुर आणि भांडणे : या चुका टाळा

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) गेली २२ वर्षे मी कधी पंच तर कधी चिटणीस म्हणून काम करतो आहे, आणि या काळात पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एखाद्या शिकवणीवरून जुंपल्याचे मला आठवत नाही. भांडणे झाली ती उपासनेत पेटी कोणी वाजवायची, नाताळच्या जेवणाचा हिशेब कोणाकडे असावा, आणि काही दिवसांआड नळाला पाणी येते त्या पहाटे चर्चची टाकी भरायला कोणी उठायचे, यांवरून. फिलिप्पैकरांस पत्रात (२:१४) सर्व काही कुरकुर व वादविवाद न करता करा असे प्रेषित पौल सांगतो, आणि तेही स्वतः बंदिवासात असताना. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘गोंगुस्मोस’ आपल्या ‘कुरकुर’सारखाच आवाजावरून बनलेला आहे. वादविवाद निदान सर्वांना ऐकू येतो, कुरकुर मात्र तोवर भिंतीत मुरलेली असते.

चहाडीला ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या अर्पण म्हणून आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी पावतीपुस्तकाशी जमेचा ताळा घालताना मला ८०० रुपये कमी दिसले. खजिनदार माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होते. त्यांच्याकडे जाण्याऐवजी मी एका घरगुती प्रार्थनासभेत मान खाली घालून म्हणालो, “हिशेबाच्या एका बाबीसाठी प्रार्थना करा, नाव घेत नाही.” नाव घेण्याची गरजच नव्हती. पुढच्या रविवारी खजिनदारांना कोणी धड सलाम केला नाही, त्यांच्या पत्नीने महिला मंडळात येणे थांबवले, आणि नाताळपर्यंत त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर कधीतरी ते पुस्तक उजेडात धरून पाहिले, तेव्हा कळले की एका कोंबड्याच्या पावतीच्या कार्बन प्रतीवर मीच घाईने लिहिलेला १५० हा आकडा मीच ९५० असा वाचला होता. आपल्या १ आणि ९ यांच्यात एका वळणाचाच फरक असतो.

मत्तय १८:१५ मध्ये पहिली पायरी स्पष्ट दिली आहे : त्याच्याकडे जा, तुम्ही दोघेच असताना बोला. माझी सवय आता अशी आहे की फोन करायचा नाही, सोबतीला कोणाला न्यायचे नाही, आणि सोलापूरचे ऊन डोक्यावर येण्याआधी सकाळीच जायचे, कारण तापलेल्या दुपारी दोन भली माणसेही एकमेकांवर खेकसतात. “लोक म्हणतात” हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. “मला एक गोष्ट कळली नाही, ती समजून घ्यायला आलो” इतके म्हणायचे आणि गप्प बसायचे.

तक्रार दाबून टाकणे

कुरकुर करू नये याचा अर्थ अन्यायही गिळावा असा काढणारे पंच मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला फार राग येतो. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना नम्रतेवर प्रवचन दिले नाही; सात माणसे नेमली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. याउलट बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले (१:२७) इस्राएल लोक आपापल्या डेऱ्यांत बसून कुरकुरत होते. मी एवढेच विचारतो, की ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याने ही तक्रार ऐकली आहे का? दुरुस्ती माणसाच्या हातात नसेल, तर स्तोत्र १३ प्रमाणे देवालाच “किती काळ?” असे विचारावे.

बारीकसारीक, पण रोजच्या

रात्री व्हॉट्सॲपवर उत्तर लिहू नये. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा या वचनाचा (इफिस ४:२६) आधार घेऊन काहीजण रात्री अकराला दुसऱ्याचे दार वाजवतात. वचन आपला राग सोडायला सांगते, दुसऱ्याची झोप मोडायला नव्हे.

बाजू घेण्याची घाई करू नये. फिलिप्पैच्या मंडळीतल्या युवदिया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना पौल एकसारखीच विनंती करतो, आणि त्यांचे भांडण कशावरून होते हे तो सांगतही नाही. आपण मात्र “नेमकं झालं काय?” असे चवीने विचारतो.

बाप्तिस्मा होऊन तीन महिने झाले नाहीत तोच पंचसमिती सुधारायला निघणाऱ्या तरुणांना माझी एकच सूचना असते, की आधी वर्षभर टाकी भरायला पहाटे उठा. ‘सॉरी’ असा संदेश टाकून समेट झाला असे मानणारेही असेच उतावळे. समेटाला वेळ लागतो. मार्कला बरोबर घेण्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा वेगळे झाले, आणि त्याच मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असे पौल लिहितो ते तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, कित्येक वर्षांनंतर.

आमच्या खजिनदारांकडे मी क्षमा मागायला चार वेळा गेलो. चौथ्या खेपेस त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. ते आता पुन्हा पंचसमितीत आहेत, आणि पावतीपुस्तक माझ्याकडून घेताना रक्कम अक्षरांतही लिहिली आहे ना, हे प्रत्येक पान उलटून पाहतात.