फोटोबुक छापायला देण्याआधी

घरच्या इंकजेटवर, ग्लॉसी फोटो पेपरवर काढलेल्या प्रिंटची डोळ्यांना सवय असेल, तर छापून आलेलं फोटोबुक पहिल्यांदा जरा मलूलच वाटतं. आईच्या साठीचं पुस्तक आलं तेव्हा तिच्या चंद्रकळेच्या निऱ्या पार बुजल्या होत्या. घरच्या प्रिंटमध्ये त्या मोजता येत होत्या. दोष सगळा छापणाऱ्याचा नव्हता. एकेका प्रतीची फोटोबुकं बहुधा डिजिटल प्रेसवर चार रंगांच्या ठिपक्यांनी छापतात. भिंग धरलं की ठिपके दिसतात. फोटो पेपरवरचा थर मात्र इंकजेटची शाई वरच धरून ठेवतो, म्हणून काळा रंग खोल उतरतो.

तेव्हा आधी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मगच फोटो दुरुस्त करा. भगभगीत स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. सावल्या किंचित उजळा. फाइल एसआरजीबी (sRGB) या रंगांच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ठेवा. 8 बाय 10 इंचांच्या पानाला 2400 बाय 3000 पिक्सेल असले की उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पानभर लावू नका, मूळ फाइल मागवा. (मावशी कुरकुरेल. तरी मागवा.) चेहरा दोन पानांमधल्या शिवणीत जाऊ देऊ नका.

आणि सगळ्यात अवघड फोटो, म्हणजे समईच्या उजेडातले, काळ्या कपड्यांतले, कृष्णधवल, एवढेच घालून सगळ्यात लहान आकाराची एक प्रत आधी मागवा. ती खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. कृष्णधवल फोटोवर हिरवट किंवा जांभळट झाक आली असेल, तर तो पुस्तकातून काढा आणि घरीच छापून फ्रेम करा.