भाषण पाठ होतं, उपप्रश्न नव्हता

पुण्यात करंडकांची काही कमी नाही. वक्तृत्व, वादविवाद, उत्स्फूर्त भाषण... शाळेपासून मी त्यातच वाढले. त्यामुळे २०२४ मध्ये कॉलेजच्या नोटीस बोर्डवर युवा संसदेसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी बसवलेल्या अभिरूप संसदेसाठी, नावं मागवली, तेव्हा वाटलं, हे तर आपलं घरचंच मैदान. सहा मिनिटांचं भाषण आठवड्यात पाठ करून टाकलं. पहिल्याच तालमीत ते घडी घालून दप्तरात गेलं.

झालं असं की प्रश्नोत्तराच्या तासात मलाही एक प्रश्न विचारायचा होता. मी उभी राहिले आणि आवाजात योग्य ते चढउतार आणून विचारलं, "पुण्यात शहर बसची संख्या कधी वाढणार, हे माननीय परिवहनमंत्री सांगतील काय?" समोरच्या बाकावरचा लातूरकडचा एक मुलगा उठला. आवाज बारीक, हातात चुरगळलेला कागद. "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदया. आपण लोकसभा बसवलीय. शहर बस महापालिकांच्या कंपनीची. केंद्रातला मंत्री याचं उत्तर काय देणार?" अध्यक्षांच्या खुर्चीत एफवायची मुलगी होती. तिनं कागद चाळला आणि शांतपणे म्हणाली, "प्रश्न नामंजूर."

बसले खाली.

नव्यानं नाव देणार असाल तर आधी एवढं बघा की तुमची युवा संसद नक्की कुठल्या प्रकारची आहे. केंद्राच्या युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाचा जो युवा संसद महोत्सव २०१९ पासून होतो, तो १८ ते २५ वयोगटासाठी आहे, आणि तिथे मुख्यतः एकट्यानं बोलायचं असतं. २०२५ मध्ये तर निवडीसाठी एका मिनिटाचा व्हिडिओ मागवला होता. तिथे माझ्यासारख्या करंडकवाल्यांचं निभावतं. पण संसदीय कार्य मंत्रालयाची जी जुनी योजना आहे, तिच्या धर्तीवर कॉलेजं जी बैठक बसवतात, त्यात पन्नासेक जण मिळून तासाभराचं अख्खं सभागृह उभं करतात. शपथविधी, श्रद्धांजली, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, विधेयक. इथे एकट्याचं भाषण कितीही रंगलं तरी बैठक पडू शकते. कोथरूडला २०११ पासून भरते ती भारतीय छात्र संसद आणखी वेगळी. तिथे बहुतेक वेळ व्यासपीठावरच्यांना ऐकायचं असतं.

तर माझा प्रश्न. लातूरकराला चहा पाजला आणि विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, बस सोडू नकोस, केंद्राचा पैसा कुठे लागलाय ते शोध. त्या रात्री मी पहिल्यांदा संसदेच्या संकेतस्थळावर खऱ्या खासदारांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं वाचली. सगळं तिथे फुकट उपलब्ध आहे आणि आपण कोचिंगवाल्यांच्या नोट्स विकत घेतो! पुण्यात काही ई-बस आल्या त्या केंद्राच्या फेम-दोन या विजेवरच्या वाहनांसाठीच्या योजनेच्या अनुदानातून, आणि ती योजना परिवहन नव्हे, अवजड उद्योग मंत्रालयाची. म्हणजे माझा मंत्रीही चुकला होता. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न असतात. त्यांची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून मंत्री तयारीनिशी येतो. तयारी नसते ती उपप्रश्नाची, म्हणजे उत्तर ऐकून तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नाची. तिथेच त्याचा कस लागतो, आणि खरं तर विचारणाऱ्याचाही.

प्रत्यक्ष बैठकीत माझा प्रश्न तारांकित होता आणि उपप्रश्नही लिहून ठेवला होता. अवजड उद्योगमंत्री झालेली माझी रूममेट उत्तर वाचायला लागली आणि तिसऱ्या वाक्यात माझ्या लिहिलेल्या उपप्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी झाली. नेमकं तेच. हातातला कागद निकामी. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. कानात एवढंच राहिलं होतं, "अनुदान टप्प्याटप्प्यानं दिलं जातं." मी विचारलं, "अध्यक्ष महोदया, शेवटचा टप्पा देण्याआधी बस रोज किती किलोमीटर धावते हे कोण तपासतं?" रूममेटनं माझ्याकडे असं पाहिलं की रात्री खोलीचं दार आतून बंद मिळणार. मग म्हणाली, "माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." सगळे हसले. हे वाक्य पाठ करून ठेवा, मंत्री झालात तर जीव वाचवतं.

भूमिका वाटताना सगळ्यांना पंतप्रधान किंवा विरोधी पक्षनेता व्हायचं असतं. माझं मत विचाराल तर नवख्यानं मागच्या बाकावर बसावं, कारण तिथे ऐकायला सवड मिळते. सभात्याग, घोषणा, कागद फाडणं यांवर तालमीत वेळ घालवू नका. प्रत्येक कॉलेज तेच करतं आणि परीक्षक कंटाळलेले असतात. जाकीटही उसनं चालतं.

विधेयकावर मात्र वेळ घालवा. आमच्या विधेयकात एका कलमात होतं, "शासनास वसतिगृह उभारता येईल." विरोधकांतल्या एका मुलीनं दुरुस्ती सुचवली: 'उभारता येईल' ऐवजी 'उभारील' घाला. अर्धं सभागृह गोंधळलं, एवढ्याशा शब्दाला काय धरायचं? पण कायद्यात 'येईल' म्हणजे मुभा, 'करील' म्हणजे बंधन. वसतिगृह झालंच पाहिजे की नाही, हे त्या क्रियापदावर ठरतं. सगळ्या चर्चेत मला तेवढं एकच मिनिट खऱ्या संसदेसारखं वाटलं. दुरुस्ती फेटाळली गेली, कारण सत्ताधारी बाकावर डोकी जास्त होती.

त्यावर दुरुस्ती सुचवणारी ती मुलगी हिरमुसली तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, गोखल्यांचं आठव. फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत यायला २००२ साल उजाडलं. त्या वादातली गोखल्यांची भाषणं वाचाच. विरोधकाचा मुद्दा आधी नीट मांडून मग खोडणं, हे आमच्या करंडकांत कुणी शिकवत नाही.

बक्षीस मिळालं नाही. निकालानंतर रस्त्यावर उभं राहून वडापाव खाताना लातूरकर म्हणाला, "पण तुझा पहिला प्रश्न खरा होता. तो विचारायचा कुठे?" हिशेबानं महापालिकेच्या मुख्य सभेत. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि तेव्हा तिथे प्रशासक होते. विचारणार कोण? मग माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला. महाराष्ट्रात या अर्जाला विषय एकच लागतो आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. माझा पहिला मसुदा २१२ शब्दांचा झाला. त्यानं पेन घेतलं आणि पहिल्या ओळीतले 'अत्यंत', 'नम्रतापूर्वक', 'सन्माननीय' खोडायला सुरुवात केली.