रायफलवर दुर्बीण बसवताना: स्क्रू, ओळंबा आणि लांबचा नेम

शंभर मीटरवर नेम धरणाऱ्याला दुर्बीण किंचित तिरकी बसली आहे हे बहुधा कळतच नाही. हजार मीटरवर मात्र तोच तिरकेपणा उघडा पडतो. समजा, तेवढ्या अंतरासाठी दुर्बीण १० मिलिरेडियन (कोन मोजण्याचे एकक) वर चढवावी लागली, म्हणजे लक्ष्यापाशी १० मीटरची उंची द्यावी लागली. क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेघांची फुली, केवळ १ अंशाने कललेली असेल, तर ही उंची सरळ वर न जाता तिरकी जाते आणि गोळी सुमारे १७ सेंटिमीटर, जवळजवळ वीतभर, बाजूला पडते. त्याचे खापर वाऱ्यावर किंवा काडतुसांवर फोडण्याआधी दुर्बिणीची जोडणी तपासावी.

सर्वप्रथम मॅगझिन काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावे, शक्य असेल तर चेंबर मागून बंद करणारा बोल्टही काढून ठेवावा. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा तिच्या नळीच्या मापाच्याच हव्यात. ही मापे बहुधा २५.४, ३० किंवा ३४ मिलिमीटर असतात. स्क्रू आणि त्यांचे आटे तेलविरहित करून बेस, म्हणजे रायफलवरची खाचांची पट्टी किंवा रेल, घट्ट बसवावा. रिंगांचे खालचे भाग रेलच्या खाचेत बसवल्यावर पुढच्या बाजूला दाबून धरावेत आणि मगच आवळावेत, कारण गोळी सुटताना रायफल मागे सरकते, दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि ढिली राहिलेली रिंग खाचेत पुढे सरकते.

आता दुर्बीण रिंगांत ठेवून वरचे स्क्रू इतकेच लावावेत की नळी हाताने सरकेल. वर्धन कमाल ठेवावे, ज्या स्थितीत नेम धरणार त्याच स्थितीत डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. कडेला काळी सावली न दिसता पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. तसे दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे करावी. बहुतेक दुर्बिणींत डोळ्यापासूनचे हे अंतर ८ ते १० सेंटिमीटर असते. झोपून नेम धरताना मान पुढे येते, म्हणून बसून केलेली मोजणी झोपून चालत नाही.

खरी कसोटी सरळपणाची आहे. रायफल शिकंज्यात धरून रेलवर ठेवलेल्या स्पिरिट लेव्हलने ती आडवी समतल करावी आणि वीस-पंचवीस मीटरवर, वारा नसलेल्या जागी, गवंड्याचा ओळंबा टांगावा. दुर्बिणीतून पाहून उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळेपर्यंत नळी फिरवावी. काहीजण दुर्बिणीच्या टोपणावर लेव्हल ठेवून भागवतात, पण टोपण रेघेशी काटकोनात असेलच असे नाही, त्यामुळे मला ती पद्धत भरवशाची वाटत नाही. आवळताना नळी फिरते, हीच नेहमीची चूक असते. म्हणून स्क्रू कर्णरेषेत, एका वेळी पाव फेरा, असे आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर दोरीकडे पुन्हा पाहावे. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. टॉर्क रेंचने साधारण १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे जवळपास २ न्यूटन-मीटर, इतका जोर लागतो, तरी उत्पादकाने दिलेला आकडाच अंतिम मानावा. जास्त आवळल्यास नळी चेपते.

बोल्ट रायफलमध्ये रेंजवर बोल्ट काढून बॅरलमधून पंचवीस मीटरवरचे लक्ष्य मध्यभागी आणावे आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर त्यावर आणावी. मग तिथेच गोळी झाडून, पुढे १०० मीटरवर तीन किंवा पाच गोळ्यांच्या गटाचा मध्य पाहून दुरुस्ती करावी. ०.१ मिलिरेडियनचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर सरकवतो. गट ६ सेंटिमीटर डावीकडे आणि ४ खाली पडला, तर ६ क्लिक उजवीकडे आणि ४ वर. डोके किंचित हलवल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकत असेल, तर पॅरलॅक्सची खुंटी ती स्थिर होईपर्यंत फिरवावी, खुंटीवरच्या आकड्यावर विसंबू नये.

शेवटची तपासणी १०० मीटरवर लावलेल्या उंच कागदावर करावी. ओळंब्याने त्यावर उभी रेघ आखून खालच्या बिंदूवर गट पाडावा, १० मिलिरेडियन वर चढवून त्याच बिंदूवर नेम धरावा. नवा गट बरोबर १ मीटर वर आणि रेघेवरच पडला पाहिजे. तो पावणेदोन सेंटिमीटर बाजूला गेला, तर तिरपेपणा १ अंशाचा आहे, नळी पुन्हा सैल करावी. उंची ९७ सेंटिमीटरच भरली, तर दुर्बीण ३ टक्के कमी चढते, म्हणून १० ऐवजी सुमारे १०.३ लावावे लागतील. उंचीची खुंटी शून्यावर परत आणल्यावर गोळ्या पहिल्याच गटात पडल्या, की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी, म्हणजे एखादा स्क्रू फिरला तर ती तुटलेली दिसते.