कूलर चालू, टाकी भरलेली, तरी हवा कोमट: माझा अनुभव

ग्वाल्हेर, लष्कर भाग, वर तापलेली गच्ची. मे महिना, पारा 45 च्या पुढे. लोखंडी कूलरचा पंखा जोरात, पंपाची घरघरही नीट. हवा मात्र कोमट.

आधी घास (बाजूच्या जाळीतला, पाण्यानं भिजणारा थर) बदलली. मग नवा पंप. टाकीत बर्फ टाकला, वीस मिनिटं बरं वाटलं. पंधरा दिवस नुसता वैताग.

शेवटी जाळी उतरवून आतून पाहिलं. डावीकडच्या घासेत तीन उभे पट्टे कोरडे ठणठणीत! कोरड्यातून येणारी हवा गार होणार कशी? घासेवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पाइपाची भोकं बोअरच्या जड पाण्याच्या पांढऱ्या क्षारानं बुजली होती.

विजेचा प्लग काढला, टाकी रिकामी केली. पाइप सोडवून रात्रभर लिंबूसताच्या कोमट पाण्यात बुडवला, लिटरला दोन चमचे. सकाळी गोधडीच्या दाभणानं एकेक भोक मोकळं केलं, पाइप उलटा धरून धुतला. टाकीतला गाळ काढला. पाइप बसवून पाणी भरलं आणि जाळी लावण्याआधी फक्त पंप दहा मिनिटं चालवला. उजवीकडं धार, डावीकडं थेंब. म्हणजे कूलर कलता होता! प्लग काढून उजव्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले. धार सारखी झाल्यावर जाळी, मग पंखा.

समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, ओली हवा बाहेर जायला. "लू आत येईल," आई म्हणाली. कूलर हवा आत ढकलतो, त्यामुळे खिडकीतून ती बाहेरच जाते. फटीला रुमाल धरून दाखवला, तेव्हा पटलं.