तांबडी लघवी आणि पाठ केलेली नावं: पॅथॉलॉजी शिकताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडून असा एखादा फोन येतोच: "दोतोर, म्हस तांबडें मुतता." मागे अशाच एका गोठ्यावर जाताना पशुवैद्यकीचा एक इंटर्न बरोबर होता. पोरगा हुशार, मार्क चांगले. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "बबेसिया."

"बबेसिया राहतो कुठे?"

"तांबड्या पेशीत."

"मग लघवी का तांबडी?"

"बबेसियामुळे."

इथे गाडी अडली. त्याला रोगाचं नाव येत होतं, जंतूचं लॅटिन नाव स्पेलिंगसकट येत होतं, गोचिडाचंही येत होतं. पेशीतला जंतू आणि बाटलीतला रंग यांच्यामध्ये काय घडतं, ते मात्र कोरं. पॅथॉलॉजीत, म्हणजे रोग शरीरात कसा घडतो या विषयात, नापास होणारी मुलं मी पाहिली आहेत, पण जास्त काळजी वाटते ती अशी पास झालेल्यांची.

लघवी एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत धरली आणि गोठ्याच्या कठड्यावर ठेवून दिली. म्हैस तपासेपर्यंत तासभर गेला. तळाला काहीच बसलं नव्हतं, वरपासून खालपर्यंत सारखा कॉफीचा रंग. म्हणजे लघवीत अख्ख्या तांबड्या पेशी नाहीत. असत्या तर तळाशी लाल थर दिसला असता आणि वरचं पाणी निवळलं असतं, आणि मग शोध मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत कुठे रक्त गळतंय याचा. इथे पेशी आधीच रक्तवाहिनीत फुटल्या होत्या आणि त्यांतलं हिमोग्लोबिन गाळून खाली आलं होतं. नळीत रक्त घेतलं, तर वरचा प्लाझ्मा गुलाबी. स्नायू फाटून मायोग्लोबिन उतरलं असतं तर लघवी अशीच दिसली असती, पण प्लाझ्मा स्वच्छ राहिला असता. एक बाटली आणि एक नळी, एवढ्यावर तीन वाटांतल्या दोन बंद झाल्या.

आता पेशी फुटल्या कशाने? म्हैस व्यायल्याला तीन आठवडे झालेले. अंगावर गोचीड नाही. ताप नाही. खायला नुसता भाताचा पेंढा. बबेसियात सहसा १०४-१०६ फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो. इथे गोष्ट फॉस्फरसची होती. पेंढ्यात फॉस्फरस मुळात कमी, त्यात दूध सुरू झाल्यावर उरलेला दुधातून जातो. तांबड्या पेशीला आपली भिंत शाबूत ठेवायला ऊर्जा लागते, ती साठवायला फॉस्फेट लागतं. ते संपलं की पेशी ताठर होते, फुगते, फुटते. सुटलेलं हिमोग्लोबिन आधी हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन पकडून ठेवतं. ते पुरेनासं झालं की उरलेलं मूत्रपिंडातून खाली. काचेवर रक्त पसरून केलेल्या स्मिअरमध्येही काही सापडलं नाही. फॉस्फरस दिला, दोन-तीन दिवसांत लघवी निवळली. बबेसिया समजून त्याचंच इंजेक्शन देऊन आम्ही परतलो असतो, तर म्हैस आठवड्याभरात गेलीही असती.

पहिली चूक हीच: कारण आणि घडण यांत गल्लत. उत्तरपत्रिकेत 'पॅथोजेनेसिस' या मथळ्याखाली जंतूचं नाव आणि तो कसा पसरतो एवढंच लिहिलेलं असतं. ते कारण झालं. घडण म्हणजे "मग पुढे काय?" या प्रश्नाला ओळीने दिलेली उत्तरं. कागदावर बाण काढत जा. गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लंपी घ्या, २०२२ च्या साथीने गोठ्यागोठ्यात पोचलेला. विषाणू त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतो, भिंतीला दाह होतो, आत गुठळी धरते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा त्वचेचा गोल तुकडा मरतो आणि पुढे खपलीचं बूच होऊन सुटतो. गाठ आली हे सगळ्यांना माहीत असतं. ती मधोमध कुजून खड्डा का पडतो, हे बाण काढल्यावरच कळतं. बाण जिथे अडेल, तिथे बहुतेक वेळा पॅथॉलॉजी कच्ची नसते, पहिल्या वर्षाची फिजिओलॉजी कच्ची असते. लाज न बाळगता ते जुनं पुस्तक परत काढा.

याच वाटेवर कावीळही समजते. थायलेरिया आणि अनाप्लाझ्मा हेही रक्तातलेच जंतू, गोचीडच आणतो, गाय पांढरीफटक पडते. पण लघवी सहसा तांबडी होत नाही. कारण इथे पेशी वाहिनीत न फुटता प्लीहेतल्या भक्षक पेशी त्या गिळतात, हिमोग्लोबिनचं तिथेच बिलिरुबिन होतं आणि गाय पिवळी पडते. तक्ता पाठ केलात तर परीक्षेपर्यंत टिकेल. पेशी कुठे मरते हे लक्षात ठेवलंत तर तक्त्याची गरजच पडणार नाही.

एक लक्षण, एकच कारण?

गळ्याखाली, पोळीत (तिथल्या लोंबत्या कातडीत) पाणी उतरलेली गाय दिसली की मुलं "जंत" म्हणून मोकळी होतात. पाणी वाहिनीबाहेर येण्याच्या वाटा मोजून चार: आतला दाब वाढणं, रक्तातलं अल्ब्युमिन घटणं, भिंत झिरपू लागणं, लसीका वाहिनी तुंबणं. जंत रक्त पितात, यकृतातला चपटा कृमी यकृत पोखरतो, अल्ब्युमिन घटतं आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. पण वैरणीबरोबर तार गिळलेल्या गाईतही तिथेच पाणी भरतं. तार जाळीपोटातून पडदा भेदून हृदयाच्या आवरणात शिरते, तिथे पू साचतो, हृदयाला फुलायला जागा राहत नाही, शिरांमध्ये रक्त तुंबतं. मानेची शीर दोरीसारखी टरारलेली आहे का ते हाताने बघा, दोन गोष्टी लगेच वेगळ्या होतील. जंताचं औषध पाजून तार काही बाहेर पडत नाही.

दाह म्हणजे संसर्ग, हीसुद्धा अशीच एक घट्ट बसलेली समजूत. भाजलं, खुरावर दगड पडला, चुकीचं इंजेक्शन स्नायूत गेलं, तरी लाली, उष्णता, सूज आणि वेदना येतातच, जंतू असो वा नसो. दुसरीकडे 'मिल्क फीवर' नावात ताप घेऊन फिरतो आणि गाईचं अंग थंड लागतं. तो कॅल्शियमचा तुटवडा आहे. अशा नावांनी पोरांचं नुकसानच जास्त केलं आहे.

स्लाइड: आधी डोळ्यांनी

सूक्ष्मदर्शकाशी बसल्या बसल्या ४० च्या भिंगावर उडी मारू नका. स्लाइड आधी उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग ४ चं भिंग, मग १० चं. रोग ठिपक्याठिपक्यांनी आहे की सगळीकडे पसरलाय, यकृतात मध्यशिरेभोवती आहे की कडेला, हे ४० वर कधीच दिसत नाही. आणि बरंचसं निदान त्या पसरण्यातच असतं. मध्यशिरेभोवतीच्या पेशींना ऑक्सिजन सगळ्यात शेवटी मिळतो, म्हणून रक्त कमी पडलं की पहिला मार त्यांना.

तपकिरी काळे कण दिसले की "हिमोसिडेरिन" (फुटलेल्या रक्तातल्या लोहाचा साठा) लिहायची घाई होते. बफर न घातलेल्या, आंबट झालेल्या फॉर्मेलिनमध्ये रक्ताळ ऊतक राहिलं की तसेच कण तयार होतात. ते पेशीत नसतात, वर भुकटी शिंपडल्यासारखे दिसतात. शंका असेल तर प्रशियन ब्लू हा रंग लावा. हिमोसिडेरिन निळं होतं, फॉर्मेलिनचा कण होत नाही. (आणि गोव्याच्या पावसात भिंगावर बुरशी धरते, तिलाही एकदा एकाने लिजन (रोगाने बिघडलेला भाग) म्हणून वहीत काढलं होतं. चित्र मात्र सुंदर होतं. सूक्ष्मदर्शक सिलिका जेल घालून ठेवा.)

मेल्यानंतरचं आणि मेल्याआधीचं

ही चूक माझी. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मे महिना, गाय रात्री कधीतरी मेलेली आणि मी पोचलो दुपारी. पोट नगाऱ्यासारखं. अहवालात पोटफुगीने मृत्यू असं लिहिलं. वरिष्ठांनी कागद वाचून एवढंच विचारलं, "अन्ननलिका उघडलीस?" नव्हती उघडली. आपल्या उकाड्यात मेलेलं कुठलंही रवंथ करणारं जनावर काही तासांत फुगतं, आतलं आंबणं काही जनावराबरोबर मरत नाही. जिवंतपणी फुगून मेली असेल तर अन्ननलिकेचा मानेतला भाग रक्ताने लाल आणि छातीतला भाग फिका पडलेला असतो, मध्ये सरळ रेघ. छातीतल्या दाबाने रक्त पुढे ढकललेलं असतं. मेल्यावर दाब कितीही वाढला तरी ढकलायला वाहतं रक्त नसतं. त्या गाईत रेघ होती की नव्हती, ते आता कोणालाच कळणार नाही.

अशा फसव्या खुणा बऱ्याच आहेत. यकृत आतड्याला टेकलं होतं तिथला हिरवट काळा डाग म्हणजे गँगरीन नव्हे, कुजण्यातला वायू हिमोग्लोबिनच्या लोहाशी मिळून झालेला रंग आहे. मोठ्या पोटाची आतली त्वचा चिमटीत सोलून येते, ती मेल्यावर काही तासांत येतेच. खालच्या कुशीचं फुफ्फुस गडद असतं, कारण रक्त गुरुत्वाकर्षणाने तिथे उतरतं. ते न्यूमोनियाचं आहे का ते बोटांनी दाबून बघा, घट्ट यकृतासारखं लागतंय का, आणि तुकडा पाण्यात टाका. घट्ट झालेला बुडतो. हृदयातली गुठळी गुळगुळीत, चकचकीत, ओढली की अलगद निघणारी असेल तर ती मेल्यानंतरची. जिवंतपणीची कोरडी, ठिसूळ, भिंतीला चिकटलेली, आणि काढली की खाली खडबडीत जागा राहते.

चरबी पिवळी दिसली म्हणून कावीळ लिहू नका. जर्सी संकराच्या गाईंची चरबी कॅरोटीनमुळे पिवळी असतेच, आणि असे संकर इकडच्या गोठ्यांत भरपूर. महाधमनी उभी चिरा. आतलं अस्तर आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा असेल तरच कावीळ. म्हशीची चरबी मात्र पांढरी असते, ती पिवळी दिसली तर थांबून विचार करा.

आणखी एक, वहीत "यकृतात हिपॅटायटिस दिसला" असं लिहू नका. हिपॅटायटिस दिसत नाही. आकार, रंग, कडा, घट्टपणा, कापल्यावर काय दिसतं, डाग किती आणि कुठे, हे दिसतं. ते लिहा. निदान चुकलं तरी वर्णन दुसऱ्याच्या कामाला येतं.

नमुना बिघडला की सगळंच गेलं

प्रयोगशाळेकडून "ऊतक कुजलेलं, वाचता आलं नाही" असा शेरा आला, तर नव्वद टक्के चूक आपल्या बरणीची, असं माझं मत. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, कारण फॉर्मेलिन आत अगदी हळू शिरतं आणि मधला भाग तोवर स्वतःच विरघळतो. द्रव ऊतकाच्या दहापट. बरणी रुंद तोंडाची, कारण मऊ गेलेला तुकडा आत ताठ होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. तुकडा बिघडलेल्या आणि चांगल्या भागाच्या सीमेवरचा घ्या, घडामोड तिथेच चालू असते. हिस्टोसाठीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, नमुना फ्रीजरमध्ये टाकू नका, बर्फाचे कण पेशी फोडतात. आणि जंतू वाढवून बघायचे असतील तर त्याचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये नाही, वेगळा, बर्फावर.

जे उघडायचं नाही, ज्याला हात लावायचा नाही

जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, तर सुरी पिशवीतच राहू द्या. अँथ्रॅक्स असेल तर शव फाडल्यावर जंतूला हवा मिळते, तो बीजाणू करतो आणि ते त्या मातीत कित्येक वर्षं टिकतात. कानाच्या शिरेतला एक थेंब स्मिअरला पुरतो.

लाळ गाळणारी, घास न गिळणारी गाय म्हणजे घशात काही अडकलं, असं समजून हातमोजा न घालता तोंडात हात घालणं, ही चूक शिकलेली माणसंही करतात. रेबीजमध्ये गिळण्याच्या नसा लुळ्या पडतात म्हणून लाळ बाहेर येते, आणि विषाणू त्याच लाळेत असतो. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तरी सीमा ओलांडणारं कुत्रं कागद वाचत नाही. मेंदूत नेग्री बॉडी (रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे कण) दिसल्या नाहीत म्हणजे रेबीज नाही, असंही लिहू नका. त्या दर वेळी सापडत नाहीत, खात्रीची तपासणी फ्लुरोसंट अँटिबॉडीची.

आणि काजूच्या दिवसांत सत्तरीच्या रानात मेलेलं माकड दिसलं, तर "पीएम (शवविच्छेदन) करून बघू" हा उत्साह आवरा. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात ओळखला गेला, २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पालीत पोचला. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. आपण शवापासून दहा पावलं लांब उभे असलो, तरी त्यांच्यातच उभे असतो. लांबूनच जागा लक्षात ठेवा, परत फिरा, आरोग्य आणि वन खात्याला कळवा, आणि घरी पोचल्यावर आधी कपडे गरम पाण्यात टाका.