हॉस्पिस: कधी जावं, घरी काय सांभाळावं

हॉस्पिस म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांचा त्रास कमी करून अखेरपर्यंत काळजी घेणारी जागा. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, उलट्या यांवर उपचार चालूच राहतात. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून बरा न होणारा कॅन्सर असलेल्यांची मोफत सेवा करतं. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आहे. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी न्या. शेवटच्या दोन दिवसांसाठी थांबू नका, लवकर गेलात तर उपयोग जास्त.

घरी सगळ्यात मोठा घोळ मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचा होतो. साधी गोळी साधारण चार तासच टिकते, म्हणून दुखायची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायची. ‘सवय लागेल’ म्हणून नातेवाईक डोस चुकवतात आणि मग वेदना आटोक्यात आणणं अवघड होतं. बद्धकोष्ठता जवळपास ठरलेलीच. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. गुंगी फार वाढली, श्वास मंदावला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

दर दोन तासांनी कूस बदला. ओल्या कापसाने ओठ, तोंड पुसत राहा. अखेरीस भूक जाते ती आजारानेच. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. घशात घरघर लागली तर कुशीवर वळवा.

आणि हो, घरी मृत्यू झाल्यास दाखला कोणते डॉक्टर देतील, हे आधीच विचारून ठेवा.