आयनिक का मॉलेक्युलर हे पाठ करू नका, वितळताना काय तुटतं ते बघा

लातूरला अकरावी-बारावी सायन्सला नवीन आलेल्या पोरापोरींसाठी लिहायलोय, मी इथंच शिकलो आणि आता केमिस्ट्री शिकवतो. नीटच्या सिलॅबसमधून २०२४ ला सॉलिड स्टेट काढलं म्हणून लय जण तो चॅप्टर उघडतच नाहीत, पण बोर्डाला आणि सीईटीला तो आहे, आणि अकरावीचं बाँडिंग (अणू एकमेकांना कसे जोडले जातात ते) तर सगळीकडंच लागतंय.

पुस्तकात घन पदार्थांचे चार खाने दिलेत, आयनिक (प्लस-मायनस चार्जचे आयन), कोव्हॅलंट नेटवर्क (इलेक्ट्रॉन वाटून जोडलेल्या अणूंचं जाळं), मॉलेक्युलर (सुटे रेणू), मेटॅलिक (धातू), आणि पोरं प्रत्येकाची उदाहरणं पाठ करायलेत. मग पेपरात यादीबाहेरचा पदार्थ आला की अडकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पदार्थ समोर आला की आधी विचारा, हा वितळताना नेमकं काय तुटतंय?

कार्बन डायऑक्साइड आणि सिलिका घ्या. सीओटू, एसआयओटू, फॉर्म्युला सारखाच दिसतो, कार्बन-सिलिकॉन दोघं एकाच ग्रुपमधले. पण ड्राय आइस (घन सीओटू) उणे ७८ डिग्रीलाच वाफ होऊन जातो आणि क्वार्ट्झ (सिलिकाचाच खडा) वितळवायला १७०० डिग्रीच्या वर जावं लागतं. याचा अर्थ कार्बन-ऑक्सिजनचा बाँड कमजोर आहे असा अजिबात नाही, तो लय मजबूत आहे, फक्त ड्राय आइसची वाफ होताना तो तुटतच नाही, अख्खे रेणू एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्यातली ओढ किरकोळ असते. सिलिकात सुटे रेणूच नाहीत, सगळा खडा म्हणजे एक जाळं, म्हणून तिथं खरे बाँडच तोडावे लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की नॅप्थलीन ८० ला, आयोडीन ११४ ला का वितळतं ते आपोआप कळतंय. मिठाचं ८०१, कारण तिथं प्लस-मायनस आयन धरून बसलेत, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडं चार्ज दोन-दोन, म्हणून ते २८०० च्याही वर जातं.

आता नियम कुठं फसतात ते बघा, प्रश्न तिथूनच येतात. आयनिक म्हणजे पाण्यात विरघळणार असं लिहून ठेवता ना, मग आपल्याकडं बोअरचं पाणी तापवलं की पातेल्याला, गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो तो काय आहे? मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आयनिकच आहे, पण पाण्यात जवळपास विरघळत नाही, कारण आयनांची आपसातली ओढ पाण्याला भारी पडते. ॲल्युमिनियम क्लोराइड उलटं, मेटल अधिक नॉनमेटल म्हणून सरळ आयनिकवर टिक करतात, पण ते १८० डिग्रीच्या आसपास वाफ होऊन उडतं, त्याची वागणूक कोव्हॅलंटसारखी.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे कल्हईवाला, तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा (टिनचा) थर चढवणारा. भांडं तापवून नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथील फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आयनिक, मग मिठासारखं टिकून का राहत नाही? कारण अमोनियम आयनच्या आत कोव्हॅलंट बाँड आहेत, तापवलं की त्यातला एक तुटून प्रोटॉन क्लोराइडकडं जातो, अमोनिया आणि एचसीएल असे दोन गॅस होतात, ते वर थंड होऊन परत जुळले की तोच तो धूर. एचसीएल तांब्यावरचा ऑक्साइड साफ करतो आणि कथील मेटल असून २३२ लाच वितळतं म्हणून चुलीच्या आचेवर काम होतंय. एका भांड्यावर आयनिक, कोव्हॅलंट आणि मेटॅलिक तिन्ही दिसतात, कुठं कल्हई चालू दिसली तर थांबून बघाच.

करंटचं पण तसंच. घन मिठातून जात नाही कारण आयन जागेवर अडकलेत, वितळवलं किंवा पाण्यात टाकलं की जातो. पण नुसत्या पाण्यातल्या टेस्टवरून आयनिक ठरवू नका, एचसीएल गॅस मॉलेक्युलर आहे तरी पाण्यात गेला की आयन बनवतो. ग्रॅफाइट नेटवर्क असून करंट नेतं कारण प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, हिऱ्यात चारही गुंतलेले.

हे रूमवर करून बघता येतं. ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, त्याला एक किलोओहमचा रेझिस्टर आणि दोन वायरी, मग पेन्सिलचं शिसं, तांब्याची तार, मेण, कोरडं मीठ, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी असं एकेक लावत जा. पाणी मात्र बोअरचं घेऊ नका, त्यात आधीच क्षार असतात त्यामुळं साखरेच्या पाण्यात पण एलईडी मिणमिणेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. आणि घरच्या लाइटच्या बोर्डात वायरी घालून कुणीच करायचं नाही.